पुरात भिजलेले दफ्तर : नागपुरातल्या एका छोट्या संग्रहाचे प्रकरण

नागपुरात जुन्या कागदपत्रांचा विषय निघाला की दोन जागांची नावे हमखास येतात. एक म्हणजे सिव्हिल लाइन्समधले मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ सालचे, ज्याला सगळे शहर अजब बंगला म्हणून ओळखते. दुसरे शासनाचे पुराभिलेखागार. १९५६ पर्यंत हे शहर आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडची, मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते, त्यामुळे इथे सरकारी कागद मुबलक आहे आणि त्याला निदान खाते आहे, इमारत आहे, पगारी माणूस आहे. पण शहराच्या आठवणीचा मोठा भाग या दोन्ही ठिकाणी नाही. तो मोहल्ल्यातल्या वाचनालयांत, आखाड्यांत, नाट्यमंडळांच्या पेट्यांत आणि विणकर संस्थांच्या कपाटांत पडून आहे. पुढचे प्रकरण अशाच एका वाचनालयाचे आहे. कार्यकारिणीच्या इच्छेवरून नाव देत नाही. नागनदीच्या बाजूच्या सखल वस्तीत दुमजली इमारत, खाली कपाटे, वर बैठकीची खोली, एवढी ओळख पुरे.

या संग्रहात पुस्तके होतीच, पण जपण्यासारखे होते ते पुस्तकांपलीकडचे. जुन्या घराण्यांनी आणून दिलेले मोडी कागदांचे पन्नास-साठ रुमाल, म्हणजे लाल खारव्याच्या जाड कापडात बांधलेले गठ्ठे. संस्थेच्या सभांची इतिवृत्ते, स्वातंत्र्यापूर्वीच्या काळापासूनची, हाताने लिहिलेली. स्थानिक वृत्तपत्रांच्या बांधीव फायली. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या नाटकांची जाहिरातपत्रके. सीताबर्डीतल्या बंद पडलेल्या एका फोटो स्टुडिओच्या मालकांनी दिलेले छायाचित्रांचे खोके आणि काचेच्या काही निगेटिव्ह. गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका. यातले बरेचसे जगात एकच प्रत असलेले.

आणि यातले काहीही कुठल्याच नोंदवहीत नव्हते. प्रकरणाची गाठ इथेच आहे, म्हणून कारण सांगतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्या चौकटीत ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात, वर्गाप्रमाणे अनुदान मिळते, आणि वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या, नियतकालिके, वाचक यांचा हिशेब होतो. तपासणीला माणूस आला की तो पुस्तकांची दाखल नोंदवही उघडतो. साहजिकच वाचनालयाने तीच वही काटेकोर ठेवली. प्रत्येक कादंबरीला दाखल क्रमांक, किंमत, तारीख. रुमालाला यातले काहीच नाही, कारण तो ग्रंथ नाही. बाजारात दुसरी प्रत सहज मिळेल अशा पुस्तकाची नोंद पक्की होती. ज्याची दुसरी प्रत नाही ते एका माणसाच्या डोक्यात होते. हा माणूस म्हणजे वाचनालयाचे निवृत्त ग्रंथपाल. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही तेच म्हणेन.

पाणी आले तेव्हा

२२ सप्टेंबर २०२३ ला घरोघरी महालक्ष्म्यांचे जेवण झाले होते. त्याच रात्री, म्हणजे २३ च्या पहाटे, नागपुरावर काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदी पात्र सोडून वस्तीत शिरली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट या भागांत लोकांच्या घरात झोपेतच पाणी आले. मोरभवनच्या स्थानकात बसगाड्या बुडाल्या. माणसे दगावली. बचावासाठी लष्कराला बोलवावे लागले. अशा वेळी वाचनालयाची आठवण कोणाला येणार? कोणाला आलीही नाही, आणि त्याबद्दल कोणाला बोल लावता येत नाही. कार्यकारिणीतल्या दोघांची स्वतःची घरे पाण्यात होती.

दुपारी पाणी ओसरल्यावर दार उघडले, तेव्हा आत गुडघाभर उंचीपर्यंत गाळाची रेघ होती. भिजलेला कागद फुगतो. लोखंडी कपाटांच्या खालच्या दोन फळ्यांत फायली इतक्या फुगल्या होत्या की एकही बाहेर निघेना. कपाटाची दारे आतून रेटली जाऊन वाकली होती. नदीच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले, त्यामुळे वास असह्य. जमिनीवर ठेवलेले छायाचित्रांचे खोके तरंगत जाऊन दाराशी अडकले होते.

इथे पहिला पेच उभा राहिला. वस्तीत पंचनामे सुरू होणार होते. कार्यकारिणीतल्या एका जबाबदार गृहस्थांचे म्हणणे पडले की पंचनामा होईपर्यंत काहीही हलवू नये, नाहीतर नुकसान दाखवता येणार नाही. त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. फर्निचर, पंखे, संगणक यांची भरपाई संस्थेला हवीच होती. पण ओल्या कागदाजवळ वाट पाहण्याइतका वेळ नसतो. सप्टेंबरात नागपूरचे तापमान तिशीच्या आसपास आणि हवेत दमटपणा भरलेला. अशा हवेत दोन ते तीन दिवसांत बुरशी धरते आणि एकदा धरली की एका कपाटातून दुसऱ्यात जाते. शेवटी ठरले ते असे : प्रत्येक कपाटाचे, प्रत्येक फळीचे जागेवरच मोबाइलवर फोटो काढायचे, पाण्याच्या रेघेशेजारी मोजपट्टी धरून, आणि लगेच माल हलवायचा. फोटोंवर तारीख-वेळ आपोआप येते. पंचनाम्याला ते पुरले. पुढे याच फोटोंचा दुसरा उपयोग झाला. कोणता रुमाल कोणत्या फळीवर कितवा होता, हे सांगणारा तो एकमेव पुरावा ठरला.

दुसरा पेच मोठा होता : आधी काय काढायचे?

हात थोडे, वेळ थोडा, कोरडी जागा फक्त वरची खोली. तरुण कार्यकर्त्यांनी भिडून कामाला सुरुवात केली ती दर्शनी कपाटापासून, कारण तिथे किमती संच होते. केतकरांच्या ज्ञानकोशाचे खंड होते, ज्याचे काम सुरुवातीला नागपुरातच उभे राहिले, म्हणून संस्थेला त्याचा विशेष अभिमान. भावना समजण्यासारखी आहे. पण ज्ञानकोश आज इतर अनेक ग्रंथालयांत आहे, इंटरनेटवरही आहे. काका संध्याकाळी पोचले. त्यांच्या घरीही पाणी शिरले होते. दारातूनच त्यांनी हाक दिली, "ते राहू द्या जी, छापलेलं कुठंतरी मिळून जाईल. मागच्या खोलीतली हाताची कागदं काढा आधी. अन् इतिवृत्तं कुठं आहेत, ती पाहून राहिलं का कोणी?"

कोणी पाहत नव्हते, कारण इतिवृत्ते आहेत आणि ती कुठे आहेत हे त्या क्षणी त्यांच्याशिवाय कोणाला ठाऊकच नव्हते. ते आले नसते तर? हा प्रश्न मी त्यानंतर कित्येकदा स्वतःला विचारला आहे. पाण्याचे नुकसान पाण्याने ठरवले, पण त्यातून काय परत मिळणार हे एका वयस्क माणसाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहिले. संग्रहाची यादी माणसाच्या डोक्यात असेल तर त्या माणसाच्या ताप-खोकल्याबरोबर संग्रहही आजारी पडतो.

ओल्या कागदाचे वागणे

पुढच्या दोन-तीन दिवसांत जे दिसले ते तपशीलवार लिहितो, कारण छोट्या संस्थांना हेच उपयोगी पडेल.

सर्वात जुने कागद सर्वात धड निघाले. मोडी कागद हाताने बनवलेल्या, चिंध्यांच्या लगद्याच्या कागदावर होते आणि शाई काजळीची. असा कागद भिजला तरी त्याचे धागे एकमेकांना धरून राहतात. काजळीची शाई उडत नाही. ओली असताना बोट फिरवले तर मात्र ती पसरते, म्हणून कडक सूचना होती की अक्षरावर हात लावायचा नाही, पुसायचे नाही, गाळ दिसला तरी तो वाळल्यावर मऊ ब्रशने काढायचा. उलट १९४० नंतरचा वृत्तपत्री कागद, जो लाकडाच्या लगद्याचा आणि आम्लयुक्त असतो, तो आधीच तपकिरी आणि ठिसूळ झालेला होता. भिजल्यावर हातात घेताच त्याचे तुकडे पडत होते.

इतिवृत्तांची जुनी पाने निळ्या-काळ्या शाईची, ती बहुतेक वाचली. त्यावरचे जांभळे रबरी शिक्के मात्र शेजारच्या पानावर फुटले. नंतरच्या काळातली काही पाने धुऊन जाणाऱ्या निळ्या शाईने, सुरेख वळणदार अक्षरात लिहिलेली होती. ती जवळजवळ कोरी झाली. फायलींच्या पाठीवरची स्केचपेनने लिहिलेली लेबले पूर्ण गेली, त्यामुळे कोणती फाइल कोणत्या वर्षाची हे आत पाहिल्याशिवाय कळेना, आणि ओली फाइल उघडणे म्हणजे ती फाडणे. पेन्सिलीने टाकलेले आकडे होते तिथे ते जसेच्या तसे. एवढ्या साध्या गोष्टीने किती वेळ वाचतो याची कल्पना त्या रात्री आली.

खारव्याने दगा दिला. लाल रंग सुटला आणि बाहेरच्या पाच-सात कागदांवर गुलाबी डाग उतरले. अक्षर वाचता येते, पण डाग जाणार नाही.

स्मरणिका आर्ट पेपरच्या, म्हणजे गुळगुळीत लेप दिलेल्या. हा कागद ओला असेपर्यंतच सुटा होतो. एकदा वाळला की पाने एकमेकांना चिकटून वीट बनते. आमच्यातल्या काहींनी चांगल्या हेतूने त्या पंख्याखाली उभ्या करून ठेवल्या. सकाळपर्यंत बहुतेक गेल्या होत्या. छायाचित्रांचेही तसेच : प्रिंटवरचा जिलेटिनचा थर फुगून मऊ होतो, आणि वाळताना जे टेकलेले असेल त्याला चिकटतो. ज्या खोक्यांपर्यंत आम्ही वेळेवर पोचलो, त्यातले प्रिंट स्वच्छ थंड पाण्याच्या ट्रेमध्ये एकेक सोडवून, चित्राची बाजू वर ठेवून पसरले. बाकीच्यांचे ठोकळे झाले.

या काळात सूचना भरपूर आल्या, सगळ्या आपुलकीच्या. गच्चीवर उन्हात घाला, कुरड्या वाळतात तसे वाळेल. इस्त्री फिरवा. ब्लीचिंग पावडरचे पाणी शिंपडा, वास जाईल. तिन्ही टाळल्या. उन्हाने कागद वेडावाकडा आक्रसतो आणि शाई फिकटते, इस्त्रीच्या उष्णतेने जुना कागद आणखी ठिसूळ होतो, आणि क्लोरीन शाई व धागे दोन्ही खातो. हातमोजे, मास्क, बूट यांवर मात्र तडजोड केली नाही. सांडपाण्यात बुडालेला कागद हाताळणाऱ्या माणसाची तब्येत कोणत्याही दफ्तरापेक्षा महत्त्वाची.

आइस्क्रीमच्या गोदामात रुमाल

वरच्या खोलीत मच्छरदाणीचे कापड ताणून त्यावर कागद पसरायला घेतले, तेव्हा लक्षात आले की जागा दहा-बारा रुमालांनाच पुरते. बाकीच्यांची पाळी येईपर्यंत बुरशी येणार. जगभरात यावर एकच खात्रीचा उपाय वापरतात : गोठवणे. उणे १८ अंशांच्या आसपास कागद गोठला की बुरशीची वाढ थांबते, शाई जिथे आहे तिथे राहते, आणि विचार करायला आठवडे-महिने मिळतात. बुरशीचे बीज मात्र मरत नाही, बाहेर काढल्यावर ते पुन्हा जागे होऊ शकते, हे विसरायचे नाही.

नागपुरात असा फ्रीजर कुठे? पहिला विचार कळमन्याच्या शीतगृहांचा आला. पण मिरची आणि फळे ठेवण्याची शीतगृहे शून्याच्या वरच चालतात. तिथे बुरशी मंदावते, थांबत नाही. मग वस्तीतल्याच एका आइस्क्रीम वितरकांनी आपल्या गोदामातला एक कोपरा दिला. मोसम उतरलेला होता, जागा रिकामी होती. त्यांनी भाडे घेतले नाही. वर म्हणाले, "माझ्या आज्याचं नाव असल तुमच्या त्या वह्यांत कुठंतरी, नीट ठेवजा." त्यांचे आजोबा वाचनालयाचे वर्गणीदार होते, आणि खरोखरच सापडले.

कोपरा मर्यादित असल्यामुळे निवड पुन्हा आली. या वेळी निवड शांतपणे, कागदावर मांडून झाली. काकांनी आठवून सांगितले, एका मुलीने पेन्सिलीने लिहून घेतले, आणि तीच या संग्रहाची पहिली यादी. कसोटी एकच ठेवली : याची दुसरी प्रत कुठे असण्याची शक्यता आहे का? नसेल तर फ्रीजर. इतिवृत्ते, उरलेले रुमाल आणि न सुटलेले प्रिंट गेले. काचेच्या निगेटिव्ह नाही, कारण गोठवल्यास त्यांचा थर काचेपासून सुटू शकतो. त्या उभ्या करून हवेवर वाळवल्या. वृत्तपत्रांच्या फायलींवर सर्वात जास्त वाद झाला. राष्ट्रीय महत्त्वाची दैनिके मोठ्या ग्रंथालयांत असतात, पण विदर्भातल्या अल्पायुषी साप्ताहिकांचे अंक दुसरीकडे असतीलच असे नाही. साप्ताहिके घेतली, दैनिके सोडली. मला आजही हा निर्णय योग्य वाटतो, जरी सोडलेल्या फायली कचरागाडीत जाताना पाहणे कोणालाच सोपे गेले नाही.

प्रत्येक रुमाल स्वतंत्र प्लॅस्टिक पिशवीत, आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी : कपाट, फळी, क्रम. पिशव्या सैल, एकमेकांवर दाब नाही.

यापुढचे काम नागपूरच्या हवेने केले. निर्वात पद्धतीने गोठवून वाळवण्याची यंत्रे असतात, पण ती आमच्या आवाक्यातली नव्हती. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत विदर्भातून मोसमी पाऊस माघार घेतो आणि हवा झपाट्याने कोरडी होते. मे महिन्यात आपल्याला जी हवा नकोशी होते तिचीच सौम्य बहीण नोव्हेंबरात येते. फ्रीजरने आम्हाला सप्टेंबरातून नोव्हेंबरात नेऊन सोडले, इतकेच त्याचे काम होते आणि ते त्याने चोख केले. थोडेथोडे रुमाल बाहेर काढायचे, टिपकागदांमध्ये ठेवून कागद बदलत राहायचे, पंखा भिंतीकडे तोंड करून लावायचा म्हणजे वारा थेट कागदावर येत नाही. वाळलेले कागद हलक्या वजनाखाली सपाट करायचे. हिवाळा संपेपर्यंत फ्रीजर रिकामा झाला.

काय राहिले, काय गेले

इतिवृत्ते राहिली, धुतलेली निळी पाने सोडून. रुमालांतले बहुसंख्य कागद वाचनीय आहेत. साप्ताहिकांतला मोठा भाग राहिला. छायाचित्रांतली निम्मीही नाहीत. झाडीपट्टीची पत्रके स्वस्त रंगीत कागदावरची, ती जवळपास संपली. ज्या रंगभूमीचा लिखित मागमूस तसाही कमी, तिचे हे नुकसान मला सर्वात जास्त लागले. त्यातल्या काही पत्रकांचे फोटो एका संशोधक विद्यार्थिनीने पूर्वी आपल्या प्रबंधासाठी मोबाइलवर काढून ठेवले होते. तिने ते सगळे पाठवले. पत्रके नाहीत, पण नाटकांची आणि मंडळांची नावे हाती राहिली.

न दिसणारे नुकसान वेगळे. वाळवताना दोन रुमालांचे कागद एकमेकांत मिसळले. एकेक कागद शाबूत आहे, पण तो कोणत्या घराण्याचा, कोणत्या कागदानंतरचा, हे गेले. दफ्तराची किंमत त्याच्या क्रमात असते. सावकाराच्या वहीतली एकच नोंद फार काही सांगत नाही, तिच्या मागचीपुढची पाने सांगतात. तो क्रम पुन्हा लावायला मोडी वाचणारा माणूस हवा, आणि असे लोक शहरात मोजकेच आहेत. मोडी प्रशिक्षण वर्गातून तयार झालेल्या दोन मुलींनी हे काम घेतले आहे. हस्ताक्षर, कागदाची जात, पाण्याच्या डागाचा आकार यांवरून त्या जुळणी करतात. डाग एकावर एक बसले की कागद शेजारी होते असे धरायचे. पुरानेच सोडलेली ही खूण आता कामी येते आहे.

पुरानंतर देणग्या आल्या, तेव्हा कार्यकारिणीत स्कॅनर घ्यावा असा जोर होता. मी विरोध केला नाही, पण आधी यादी पूर्ण करू असा आग्रह धरला. यादीशिवाय केलेले स्कॅनिंग म्हणजे हजारो क्रमांकित फोटो, ज्यात काय आहे ते पुन्हा कोणाच्या तरी डोक्यातच राहणार. आता यादी पुस्तकांच्या दाखल नोंदवहीहून वेगळ्या वहीत आहे, बॉलपेनने लिहिलेली. कोणी दिले, कधी दिले, कुठे ठेवले, दुसरी प्रत असण्याचा संभव, आणि आपत्तीत आधी उचलायचे की नंतर, एवढेच रकाने. तिची एक प्रत कामठीत एका सदस्याच्या घरी असते. रुमाल वरच्या मजल्यावर गेले आहेत, खारव्याऐवजी न रंगवलेल्या धुवट मांजरपाटात. खाली फक्त चालू पुस्तके, तीही जमिनीपासून दीड हात वर.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. मोडी रुमाल शासनाच्या पुराभिलेखागाराकडे द्यावेत का? काही सदस्य हो म्हणतात : तिथे तज्ज्ञ आहेत, पुढच्या पुरात आपण पुन्हा आइस्क्रीमवाल्यांकडे जायचे का? ज्या घराण्यांनी कागद दिले त्यांतले काही जण नाही म्हणतात. कागद मोहल्ल्यात आहे म्हणून नातवंडे येऊन पाहतात, तो एकदा मोठ्या इमारतीत गेला की अर्ज करून पाहावा लागेल. माझे मत विचारले तेव्हा मी सांगितले की ज्या रुमालांचा क्रम शाबूत आहे ते स्कॅन करून त्यांची प्रत पुराभिलेखागाराला द्यावी आणि मूळ इथेच ठेवावे. मिसळलेले दोन मात्र जुळणी पूर्ण होईपर्यंत कुठेही हलवू नयेत, कारण त्यांची ओळख पटवू शकणारे काका याच गल्लीत राहतात आणि दर गुरुवारी येऊन त्या मुलींशेजारी बसतात. पुढच्या सर्वसाधारण सभेत यावर मतदान आहे.